छातीवर चेंडू लागून गेलेला विद्यार्थी: एका क्रीडाशिक्षकाच्या पत्राला उत्तर

पत्र:

आदरणीय डॉक्टर मॅडम,

पांझरेच्या काठावरील एका गावच्या माध्यमिक विद्यालयात मी क्रीडाशिक्षक आहे. गेल्या महिन्यात सीझन बॉलवर सराव सामना चालू असताना नववीतील एका विद्यार्थ्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, टप्पा पडून उसळलेला चेंडू लागला. चेंडू काही फार वेगाचा नव्हता. मुलगा "काही नाही सर" म्हणाला, बॅट टेकवत दोन पावले चालला आणि तोंडावर पडला. हातपाय झाडत होता, मध्येच घशातून घुरघुर आवाज येत होता, म्हणून आम्हाला फेफरे वाटले. कांदा हुंगवला, पाणी पाजायचा प्रयत्न केला, तळपाय चोळले आणि मग एका पालकाच्या गाडीतून तालुक्याच्या गावी नेले. पंचवीस मिनिटे लागली. तो आधीच गेल्याचे तेथे सांगण्यात आले. शवविच्छेदनात हृदयाला जखम नाही, बरगडी मोडलेली नाही, असे आले आहे. गावात कुणी म्हणते, "पोऱ्याले पहिलेच काहीतरी व्हतं", तर कुणी म्हणते की मास्तरांनी लक्ष दिले नाही. ज्याच्या चेंडूवर हे घडले तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला आहे. संस्थाचालक म्हणतात, यापुढे सीझन बॉल बंद आणि खेळणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी काढून आणा. नेमके काय झाले, आमचे काय चुकले आणि आता मुलांना मैदानावर उतरवावे की नाही, हे कृपया सांगावे.

उत्तर:

आदरणीय सर,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत, ती म्हणजे त्या दोन पावलांच्या अवधीत मुलाच्या छातीत काय घडले. कागदपत्रे माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे मृत्यूचे कारण ठरवण्याचा अधिकार मला नाही. तो शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा आहे. परंतु छातीच्या डाव्या बाजूला बसलेला साधा मार, त्यानंतर काही क्षण शुद्ध, मग एकाएकी कोसळणे आणि तपासणीत हृदयाला कोठेही इजा न सापडणे, हा क्रम वैद्यकशास्त्राच्या चांगला परिचयाचा आहे. त्याला कॉमोशिओ कॉर्डिस म्हणतात. यात हृदय फाटत नाही, रक्तस्राव होत नाही, रक्तवाहिनी तुंबत नाही; फक्त हृदयाची लय मोडते, आणि मोडलेली लय मृत्यूनंतर कोणत्याही टेबलावर दिसत नाही. म्हणून अहवालात काही न सापडणे हा तपासणीतला कच्चेपणा नव्हे, आणि कुणी काही दडवले आहे असेही नव्हे. मुलाच्या वडिलांना एवढे तरी कुणीतरी समोर बसून सांगितले पाहिजे, कारण 'काहीच सापडले नाही' एवढ्या वाक्यावर गावात वाटेल ते रचले जाते.

आता हे घडते कसे ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्यावरचा आणि त्या गोलंदाज मुलावरचा आरोप याच ठिकाणी सुटतो. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लाटेने पडतो. लाट पसरली की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतात आणि मग पुढच्या ठोक्यासाठी त्या पेशी पुन्हा सज्ज होऊ लागतात. ईसीजीच्या कागदावर हा सज्ज होण्याचा काळ 'टी' नावाच्या उंचवट्याच्या रूपाने दिसतो. या उंचवट्याच्या चढावर, माथा येण्याच्या अगदी अलीकडे, एक अतिशय अरुंद फट असते: सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम दहा ते चाळीस. त्या वेळी काही पेशी सज्ज झालेल्या असतात आणि काही नसतात. नेमक्या त्याच फटीत हृदयाच्या बरोबर वर मार बसला, तर कप्प्यातील दाब एकदम वाढतो, पेशींची आवरणे ताणली जातात, त्यांतले विद्युत मार्ग भलत्या वेळी उघडतात आणि हृदय ठोका देण्याऐवजी नुसते थरथरू लागते. आखाजीला निंबाच्या फांदीला टांगलेला झोका योग्य क्षणी ढकलला तर उंच चढतो, पण भलत्या क्षणी आडवा धक्का बसला तर तोच दोर पिळवटून भेलकांडतो. येथेही धक्क्याच्या जोरापेक्षा त्याची वेळ महत्त्वाची ठरते.

हा केवळ तर्क नाही. बोस्टन येथे डॉ. मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकरांवर प्रयोग करून १९९८ मध्ये हे दाखवून दिले. ईसीजीशी वेळ जुळवून त्यांनी प्राण्यांच्या छातीवर बेसबॉलच्या आकाराचे चेंडू आदळवले. चढावरच्या त्या फटीत मार बसला तर हृदय थरथरू लागे. तोच मार ठोक्याच्या इतर भागात बसला तर सहसा तसे होत नसे. पुढच्या प्रयोगांत असे आढळले की हृदयाच्या वरून मार थोडा बाजूला सरकला तरी हा परिणाम होत नाही, कठीण चेंडूने तो अधिक होतो, आणि सर्वांत घातक वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटरचा आहे. हा शेवटचा आकडा संस्थाचालकांना आवर्जून सांगा. ६४ किलोमीटर म्हणजे कुणा तुफानी गोलंदाजाचा वेग नव्हे. शाळकरी मुलाच्या मध्यमगती चेंडूचा किंवा सीमारेषेवरून केलेल्या बऱ्यापैकी फेकीचा तो वेग आहे. जानेवारी १९५९ मध्ये कराचीत कायदे-आझम करंडकाच्या अंतिम सामन्यात अब्दुल अझीझ हा यष्टिरक्षक-फलंदाज फिरकी गोलंदाजाचा संथ ऑफब्रेक छातीवर लागून कोसळला आणि रुग्णालयाच्या वाटेवर गेला. तो अवघ्या अठरा वर्षांचा होता. त्यामुळे तुम्ही पत्रात "चेंडू काही फार वेगाचा नव्हता" असे जे संकोचाने लिहिले आहे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

बळी पडणारे बहुतेक मुलगे असतात आणि वयाची सरासरी पंधराच्या आसपास येते. अमेरिकेत मिनियापोलिस येथे अशा घटनांची नोंदवही ठेवली गेली आहे. तिच्यात दोनशेहून अधिक नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीमागे मोठी स्पर्धा आहे असे नाही. अंगणात खेळताना लागलेला चेंडू, कराटेतील लाथ, मित्रांच्या मस्तीतला गुद्दा, हेही त्यात आहे. किशोरवयात छातीची भिंत पातळ आणि लवचीक असल्यामुळे मार आतपर्यंत पोहोचतो, असे यामागचे कारण सांगितले जाते. आपल्याकडे यात कबड्डीही धरली पाहिजे. चढाईपटूला डॅश मारताना खांदा किंवा कोपर नेमके छातीच्या मध्यावर बसू शकते, आणि खानदेशातल्या गावोगावच्या मॅटवर व मातीवर हे रोज होत असते.

आता तुमचा कठीण प्रश्न: आमचे काय चुकले?

हृदय थरथरू लागले की मेंदूकडे रक्त जाणे त्याच क्षणी थांबते, पण मेंदू दहा-पंधरा सेकंद तग धरतो. "काही नाही सर" हे शब्द आणि ती दोन पावले याच सेकंदांतली होती. तो बरा होता आणि नंतर बिघडला असे झालेले नाही. पुढे तुम्ही पाहिलेली हातापायांची झाड ही रक्त न मिळालेल्या मेंदूची झाड होती, आणि घशातली ती घुरघुर श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत अनेकांना अशा तुटक आचक्या येतात. पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टींवरून फेफरेच वाटते. डॉक्टर नसलेल्या माणसाने असे समजणे यात निष्काळजीपणा नाही, पण गैरसमज मात्र आहे, आणि तो महागात पडणारा आहे. मैदानावर कोसळलेला खेळाडू हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर त्याचे हृदय बंद पडले आहे असेच धरून चालायचे. नाडी शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

कांद्याने अपाय झाला नाही, पण त्यात वेळ गेला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे धोक्याचे आहे, ते श्वासनलिकेत उतरते. ते यापुढे कधीही होऊ देऊ नका. खरा तोटा झाला तो पंचवीस मिनिटांत कुणीही छाती न दाबल्यामुळे. तुमच्या मनाला बरे वाटावे म्हणून हे मी झाकून ठेवले तर पुढच्या मुलाशी अन्याय होईल. थरथरणारे हृदय आपणहून लयीत येण्याची शक्यता फार थोडी असते. त्याला विजेचा झटका द्यावा लागतो आणि झटका मिळेपर्यंत छाती दाबून मेंदूला थोडे का होईना रक्त पुरवत राहावे लागते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. पंचवीस मिनिटांनी कोणत्याही मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही. तुम्ही छाती दाबली असती तर तो नक्की वाचला असता, असे मात्र कुणालाही म्हणता येणार नाही, कारण झटका देणारे यंत्र त्या मैदानाच्या आसपास नव्हते. आणि जे तुम्हाला कुणी हातात धरून शिकवलेच नाही, ते न केल्याचा दोष एकट्या तुमच्यावर टाकणे मला मान्य नाही. प्रथमोपचाराचा धडा आपण पुस्तकातून शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारतो. पुतळ्याच्या छातीवर तळहात ठेवून घाम निघेपर्यंत दाबायला किती शिक्षकांना लावले जाते, ते तुम्ही जाणताच.

वेळेवर केलेल्या उपायाने काय साधते हेही पाहा. अमेरिकेच्या त्याच नोंदवहीत १९७० ते १९९३ या काळात वाचणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. २००६ ते २०१२ या काळात ते ५८ टक्क्यांवर गेले. मुलांच्या छात्या त्या काळात काही बदललेल्या नव्हत्या. मैदानावरच्या लोकांना छाती दाबता येऊ लागली आणि झटका देणारी यंत्रे शाळांपर्यंत पोहोचली. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत अमेरिकी फुटबॉलचा खेळाडू डमार हॅमलिन टक्कर झाल्यावर उभा राहिला आणि क्षणात मागच्या मागे कोसळला. लाखो लोक ते दूरचित्रवाणीवर पाहत होते. पथकाच्या कर्मचाऱ्यांनी जागेवरच छाती दाबली, झटका दिला, आणि त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. कारण कॉमोशिओ कॉर्डिस होते, असे त्याने नंतर स्वतः सांगितले. तुमचा विद्यार्थीही तसाच उभा होता आणि तसाच कोसळला. फरक होता तो भोवती उभ्या असलेल्या माणसांना काय माहीत होते आणि त्यांच्या हाताशी काय होते, यात.

त्या गोलंदाज मुलाकडे आता वळते, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत काळजीचे वाक्य तेच वाटले. चौदा-पंधरा वर्षांचे पोर घरात बसून आहे आणि आपण मित्राला मारले असे त्याच्या मनात पक्के होत आहे. "तुझी काही चूक नाही रे" असे नुसते म्हणून भागत नाही, कारण मोठी माणसे समजूत घालताना तसे म्हणतातच हे त्यालाही कळते. त्याच्या घरी जा, शक्य असेल तर गेलेल्या मुलाच्या घरातील कुणाला तरी बरोबर घ्या, आणि मी वर लिहिलेली ती अरुंद फट त्याला कागदावर काढून दाखवा. तोच चेंडू, त्याच जागी, डोळ्याची पापणी लवते त्याहूनही थोड्या काळाने आधी किंवा नंतर लागला असता तर मित्र छाती चोळत पुढचा चेंडू खेळला असता. ती वेळ कोणत्याही गोलंदाजाला साधता येत नाही आणि चुकवताही येत नाही. त्याला रडू द्या, बोलू द्या, वर्षश्राद्धाच्या वेळी त्या घरी जावेसे वाटले तर अडवू नका. दोन-तीन आठवड्यांत झोप, जेवण, शाळा पूर्वपदावर आली नाही, किंवा त्याच्या तोंडून जगण्याबद्दल निराशेचे शब्द आले, तर वाट न पाहता जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात त्याला दाखवा. यात कमीपणा कसला? पाय मोडला असता तर नेलेच असते.

ईसीजीचा प्रश्न दोन भागांत पाहावा लागेल. कॉमोशिओ कॉर्डिस निरोगी हृदयात घडते, त्यामुळे ते कुणाला होईल हे कोणताही ईसीजी आधी सांगू शकत नाही. सर्व मुलांचे कागद स्वच्छ आले म्हणजे आता धोका नाही, असे संस्थाचालकांनी समजू नये. खेळताना हृदय बंद पडण्याची इतर कारणे मात्र असतात, ज्यांत मार लागण्याची गरजच नसते: हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणे, हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिनीचा उगम भलत्या जागी असणे, विद्युत यंत्रणेतले आनुवंशिक दोष. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन कुणाचा धक्काही न लागता कोसळला, आणि तोही मैदानावरच छाती दाबून व झटका देऊन वाचला. अशा आजारांपैकी काही ईसीजीत सापडतात. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तपासणी सक्तीची केली आहे, पण त्यासाठी खेळाडूंचे कागद वाचण्यात मुरलेले डॉक्टर लागतात; गल्लीतल्या प्रयोगशाळेत काढून फाइलला लावलेल्या शंभर कागदांचा उपयोग बाडापलीकडे होत नाही. तुम्ही आधी प्रत्येक पालकाला तीन गोष्टी विचारा. धावताना किंवा खेळताना मुलगा कधी बेशुद्ध पडला आहे का. श्रमाने छातीत दुखते किंवा धडधड होते का. आणि घरात, मामा-काकांकडे धरून, पन्नाशीच्या आत कुणी एकाएकी गेले आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर त्या मुलाला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि ईसीजीबरोबर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही होऊ द्या, तोवर खेळ थांबवा.

गेलेल्या मुलाच्या भावंडांना आणि आईवडिलांना मात्र, उत्तरे काहीही असोत, एकदा हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावे असे मी सुचवेन. मार लागल्यालागल्या तो कोसळला, म्हणून कॉमोशिओ कॉर्डिसचीच शक्यता मोठी आहे. परंतु विद्युत यंत्रणेचे काही आनुवंशिक दोषही शवविच्छेदनात दिसत नाहीत, आणि ते भावंडांत उतरू शकतात. "पहिलेच काहीतरी व्हतं" म्हणणाऱ्यांच्या हाती हे वाक्य लागू नये, एवढी काळजी घेऊन ते घरच्यांपाशी बोला.

छातीच्या गार्डबद्दल तुम्ही विचारले नाही, पण दुकानदार तुम्हाला ते सांगेलच. नोंदवहीतील स्पर्धात्मक खेळांतल्या बळींपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी छातीवर कसले ना कसले संरक्षक घातलेले होते. अमेरिकेत लॅक्रॉस या जाळीच्या काठीने कठीण चेंडू फेकण्याच्या खेळासाठी याच धोक्यावर बेतलेले वेगळे मानक अलीकडे सक्तीचे झाले आहे; आपल्या बाजारातल्या क्रिकेटच्या साध्या गार्डवर ते गृहीत धरता येत नाही. बरगडीचा मार चुकतो म्हणून ते घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. चेंडूचे मात्र ऐका. मऊ चेंडूने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. सातवीपर्यंतच्या मुलांना सीझन बॉल देण्याची घाई कशासाठी करायची, हे मला कधीच कळलेले नाही. शिवाय फलंदाजी शिकवताना उसळता चेंडू अंगावर घेऊन अडवण्याची शाबासकी देणे बंद करा. त्या चेंडूपासून बाजूला वळणे, छाती चेंडूकडे न ठेवणे, ही शिकवण्याची गोष्ट आहे. 'छाती काढून उभा राहा' हे आपल्या मैदानांवरचे आवडते वाक्य आहे, तेही आता पुरे झाले.

मैदान बंद करू नका. हा प्रकार अत्यंत विरळा आहे, आणि चेंडू काढून घेतला म्हणून मुले खेळायची थांबणार नाहीत. ती शाळेबाहेर, नदीच्या पात्रात किंवा कापसाच्या मोकळ्या झालेल्या वावरात खेळतील, जेथे तुम्हीही नसाल. पण सराव पुन्हा सुरू करण्यापूर्वी मैदानावर असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला आणि आठवीच्या पुढच्या सर्व मुलामुलींना छाती दाबता आली पाहिजे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र द्या आणि सरावाचा पुतळा घेऊन येण्याची विनंती करा. पद्धत अशी आहे. मुलाला कठीण, सपाट जमिनीवर उताणे करायचे. बाजूला गुडघ्यांवर बसून एका तळहाताचा मनगटाजवळचा उंचवटा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवायचा, दुसरा हात त्यावर गुंफायचा, कोपरे ताठ करायची आणि आपल्या खांद्यांचे वजन सरळ खाली द्यायचे. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. पहिल्यांदा करणारा माणूस नेहमी कमी दाबतो, कारण बरगडी मोडेल अशी त्याला भीती वाटते. मोडली तरी जुळते. दोन मिनिटांत हात गळून जातात, म्हणून दुसरा माणूस शेजारी तयार बसलेला हवा. तोंडाने श्वास देणे शिकलेले नसेल तर नुसते दाबत राहिले तरी चालेल, पण थांबायचे नाही.

त्याच वेळी तिसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावायचा, चौथ्याने यंत्र आणायला पळायचे. मुलाला उचलून गाडीत घालण्याची ओढ आवरणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे, कारण आपल्याकडे 'चला, दवाखान्यात न्या' म्हणणारा माणूस कर्ता समजला जातो. धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर छाती नीट दाबली जात नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत जागेवर दाबणे हाच उपचार आहे. १०८ ची गाडी तुमच्या भागात कोठे उभी असते, मैदानापर्यंत यायला तिला किती वेळ लागतो, पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेले तर ती कोणत्या रस्त्याने येईल, हे आजच विचारून ठेवा; स्पर्धेच्या दिवशी ती मैदानावरच उभी राहावी म्हणून लेखी मागणी करा.

वेळ वीस मिनिटांची निघाली, आणि बहुधा तशीच निघेल, तर यंत्र शाळेतच हवे. या यंत्राला एईडी म्हणतात. झाकण उघडले की ते बोलू लागते. दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावायच्या, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली. घाम पुसून घ्यायचा, नाहीतर पट्टी धरत नाही. हृदयाची लय यंत्र स्वतः तपासते आणि गरज असेल तरच झटका देऊ करते, त्यामुळे चुकून धडधाकट मुलाला झटका बसेल ही भीती नको. झटक्याच्या क्षणी कुणी मुलाला हात लावायचा नाही, आणि झटका बसल्याबरोबर पुन्हा दाबायला सुरुवात करायची. ते कोणत्या भाषेत बोलते हे विकत घेण्यापूर्वी ऐकून घ्या. पैशांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे जा, ग्रामपंचायतीकडे जा. आपल्या गावांत एका क्रिकेट स्पर्धेच्या ट्रॉफ्या, मंडप आणि डीजे यांवर जे उधळले जाते ते पाहता वर्गणी जमणार नाही असे मला वाटत नाही.

यंत्र आले की ते क्रीडासाहित्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. बहुतेक यंत्रे ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेली असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. कार्यालयातल्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असे लावा, चिकटपट्ट्यांची आणि बॅटरीची मुदत खडूने शेजारी लिहा, आणि दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी त्यावरचा दिवा तपासण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे सोपवा. त्या दोघांत एक तुमचा तो गोलंदाज असावा असे मला वाटते, अर्थात त्याची इच्छा असेल तरच. कपाटाला कुलूप नको, आणि संस्थाचालकांनी चोरीच्या भीतीने ते लावायलाच लावले, तर किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात न राहता कपाटाशेजारच्या खिळ्यावर राहील, एवढे त्यांच्याकडून लिहून घ्या.